तिघे मेले, चौथा उरला

१९५८ साली ग्रेगरी पेकचे दोन काऊबॉयपट निघाले. विल्यम वायलरचा ‘द बिग कन्ट्री’ गाजला. त्यातला पेक चारचौघांत डिवचला गेला तरी हात उचलीत नाही. हेन्री किंगचा ‘द ब्रॅव्हॅडोज’ मागे पडला. त्यातला पेक थांबतच नाही. मला हा दुसरा अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याचा रागही येतो.

जिम डग्लसच्या बायकोवर अत्याचार करून कुणीतरी तिला ठार मारले आहे. एका गावी चार गुन्हेगार फाशी जायचे असतात, ते पाहायला तो येतो. हेच ते चौघे, याविषयी त्याला तिळमात्र संशय नाही. चौघे निसटतात, एका मुलीला पळवतात, आणि पाठलाग सुरू होतो. हाती लागलेल्याला तो बायकोची तसबीर दाखवतो. ‘हिला कधी पाहिले नाही!’ ली व्हॅन क्लीफ तर जिवाची भीक मागतो. आपण म्हणतो, लबाड आहे. (वर्गात उभे राहणाऱ्याला ठाऊक असते : लबाडाचे ‘मी नाही’ आणि निरपराध्याचे ‘मी नाही’ एकाच सुरात येते.)

तिघे मरतात. चौथा लुहान मेक्सिकोतल्या आपल्या घरी, बायको आणि आजारी मुलाजवळ सापडतो. तिथे पैशांच्या एका पिशवीवरून उलगडा होतो. खुनी या चौघांतला कुणीच नव्हता. शेजारचा बटलर होता! हेन्री सिल्वाचा लुहान हे सारे शांतपणे सांगतो, आणि तीन मुडदे मनातल्या मनात मोजणारा प्रेक्षकच पकडला जातो. कादंबरीकार म्हणून या जागेचा मला हेवा वाटतो.

पण पटकथाकार फिलिप डन यांचे धैर्य इथेच संपते. मेलेले तिघे नाहीतरी फाशीचे धनी. वाटेत त्या मुलीचीही विटंबना झालेली. मग हळहळायचे कुणासाठी? त्यातला एक जरी साधा भुरटा चोर असता, तर डग्लसला तोंड लपवायला जागा उरली नसती. जोन कॉलिन्सची जोसेफा तर त्याला सावरण्यापुरतीच आहे. शिवाय १९३४ पासून हॉलिवूडवर आचारसंहितेचा कडक अंमल होता. तिला सुडाचे समर्थन खपत नसे, म्हणून पश्चात्ताप सोयीचा. तो चर्चमध्ये, पाद्र्यासमोर, पाच मिनिटांत उरकतो.

बाहेर गाव त्याचा जयजयकार करते. तो फक्त माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणतो, आणि मुलीला घेऊन निघतो.