मधुमेहाची संयुक्त गोळी : नाव एक, औषधे अनेक

टाइप २ मधुमेहात एका औषधाने रक्तातील साखर आटोक्यात येत नसेल, तर दोन किंवा तीन औषधांची संयुक्त गोळी दिली जाते. त्यामुळे गोळ्यांची संख्या घटते व डोस चुकण्याची शक्यता कमी होते. मात्र गोळी एक असली, तरी तिच्यातील प्रत्येक औषधाचे धोके वेगळे असतात. भारतातून औषधे नेणाऱ्या परदेशस्थांनी व्यापारी नावाऐवजी घटकांची नावे व मात्रा नोंदवून ठेवाव्यात. एकच घटक दोन देशांत दोन नावांनी मिळतो. दोन्ही गोळ्या चालू राहिल्यास नकळत दुप्पट मात्रा घेतली जाते.

मेटफॉर्मिन : हे यकृतातील साखरेची निर्मिती कमी करते. जेवणासोबत घेतल्यास मळमळ व जुलाबाचा त्रास कमी होतो. मूत्रपिंडाच्या कार्याचा निर्देशक, ईजीएफआर, ३०च्या खाली गेल्यास हे औषध वर्ज्य ठरते. दीर्घकालीन वापराने बी-१२ जीवनसत्त्व घटू शकते. शाकाहारी व्यक्तींनी त्याची तपासणी करून घ्यावी. ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ लिहिलेली गोळी चुरडू वा चावू नये.

ग्लिमेपिराइड : हे स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवण्यास चालना देते आणि जेवण चुकले तरी त्याचा परिणाम चालूच राहतो. म्हणून उपवास, लांबलेली बैठक वा विमानप्रवास यांत साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळलेपण ही त्याची लक्षणे. साखर ७०च्या (ब्रिटनमधील एककात ४च्या) खाली असल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावे व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे.

व्होग्लिबोज : भारतातील अनेक तिहेरी गोळ्यांत असलेले हे औषध आतड्यात साखर व पिष्टमय पदार्थांचे पचन लांबवते. त्यामुळे साखर उतरल्यास घरातील साधी साखर लवकर उपयोगी पडत नाही. ग्लुकोजच जवळ हवे. अमेरिकेत हे औषध विक्रीस नाही, त्यामुळे तेथील डॉक्टरांना त्याची आवर्जून माहिती द्यावी.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन : ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. क्वचित, साखर फारशी वाढलेली नसतानाही, रक्तात कीटोन आम्ले साचून प्राणावर बेतू शकते. उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी ही औषधे डॉक्टरांच्या सूचनेने किमान ३ दिवस आधी थांबवतात.

संयुक्त गोळीची खरी अडचण आजारपणात जाणवते. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडे पडल्यास मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे तात्पुरती थांबवावी लागतात. मूत्रपिंड अशक्त असलेल्यांना रंगद्रव्य टोचून करावयाच्या सीटी स्कॅनच्या वेळीही मेटफॉर्मिन थांबवावे लागू शकते. परंतु संयुक्त गोळीतून एकच घटक वगळता येत नाही आणि सगळी गोळी बंद केल्यास साखर वाढते. अशा दिवसांत काय घ्यावे, काय थांबवावे आणि पुन्हा केव्हा सुरू करावे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे व तो कागद औषधांसोबतच ठेवावा.