मृतांची साक्ष

सणासुदीला प्रेताचा विषय काढू नये, असा आमच्या घरचा दंडक. दिवाळी अंक तर फराळाच्या ताटाशेजारीच उघडा पडलेला असतो. तरीही, वाचकहो, यंदा हा विषय मी काढणार आहे. कारण गेली काही वर्षे एक प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला आहे.

२०२१च्या एप्रिलात आमच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर करोनाने गेले. दवाखान्यातल्या नवव्या दिवशी ताप उतरला होता. संध्याकाळी फोनवर ‘आज पेज गेली’ म्हणून सांगितले आणि पहाटे निरोप आला. गुंडाळलेला देह परस्पर स्मशानात नेला. तोंडसुद्धा पाहायला मिळाले नाही. वहिनी त्यानंतर वर्षभर एकच विचारीत होत्या, “भाऊजी, संध्याकाळी तर बरे होते. रात्रीत असे काय झाले?”

मी विज्ञान मॅट्रिकपुरते शिकलेला माणूस. कादंबरीतले मरण मला लिहिता येते, खऱ्या मरणाचे कारण सांगता येत नाही. म्हणून जमेल तसे वाचू लागलो, आणि त्या वाचनाने मला अडीचशे वर्षे मागे, इटलीतल्या पादुआ शहरी नेले.

तिथल्या विद्यापीठात जोव्हान्नी मोर्गान्यी नावाचे शरीरशास्त्राचे एक मास्तर होते. आपल्याकडच्या त्रिदोषांसारखे चार रस शरीरात असतात, ते बिघडले की रोग होतो, ही तिकडची जुनी समजूत. मोर्गान्यींनी जन्मभर प्रेते उघडून पाहिली. रोगी जिवंतपणी काय सांगत होता आणि मेल्यावर आत काय आढळले, यांची सांगड घालीत त्यांनी सुमारे सातशे जणांची हकिकत पत्रांच्या रूपात लिहिली. ग्रंथ छापून निघाला १७६१ साली, तेव्हा त्यांचे वय ७९! रोग हा रसांत नसून एखाद्या अवयवात घर करून बसतो, हा विचार त्या ग्रंथाने वैद्यकात रुजवला.

पुढे यंत्रे आली, तशी प्रेत उघडण्याची गरज कमी भासू लागली. जिवंतपणीच आतले चित्र दिसत असेल तर मेल्यावर कशाला पाहायचे? मग २०१९च्या अखेरीस वुहानमध्ये हा नवा रोग उपटला आणि सगळे पुन्हा अंधारात चाचपडू लागले. त्यात भीती अशी, की प्रेतालाही कोणी हात लावू धजेना. वुहानमध्ये पहिले शवविच्छेदन १६ फेब्रुवारी २०२० रोजी झाले. न्यायवैद्यकाचे प्राध्यापक लियू लियांग यांनी ते केले. फुप्फुसांत त्यांना चिकट द्राव साचलेला आढळला.

खरी हकिकत मात्र जर्मनीतल्या हाम्बुर्गची. तिथल्या केंद्रीय आरोग्यसंस्थेने सुरुवातीला सल्ला दिला होता की अशी प्रेते शक्यतो उघडू नयेत, संसर्ग होईल. हाम्बुर्गच्या शासनाने उलट हुकूम काढला. क्लाउस प्युशेल हे तिथले न्यायवैद्यकाचे प्रमुख, निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे गृहस्थ. जन्मभर खून-अपघातांची प्रेते पाहिलेला हा माणूस. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी ओळीने पहिल्या बारा जणांची तपासणी केली आणि मे २०२०मध्ये ती प्रसिद्ध झाली.

फुप्फुसे जड झाली होती. निरोगी माणसाची दोन्ही मिळून किलोच्या आत भरतात. ही सरासरी दोन किलोच्या घरात गेली. एरवी स्पंजासारखी हलकी असणारी वस्तू ओल्या फडक्यासारखी झालेली! हवा जिथे रक्ताला भेटते त्या वायुकोशांच्या भिंती सोलवटून आत पापुद्रा धरलेला. इथवर डॉक्टरांना अंदाज होता. पण बारांपैकी सात जणांच्या पायांतल्या खोल शिरांत रक्ताच्या गुठळ्या सापडल्या, आणि जिवंतपणी याची कोणालाही शंका आली नव्हती. चौघांच्या बाबतीत ती गुठळी सुटून हृदयामार्गे फुप्फुसाच्या रोहिणीत जाऊन अडकली होती. मरण त्यानेच आले होते.

हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

(प्युशेल यांनी मृतांना आधीचे मोठे आजार होते एवढ्यावरून ‘या रोगाची भीती अवास्तव आहे’ असेही मत दिले. ते मला पटत नाही. मधुमेह असलेला माणूस काही मरायला टेकलेला नसतो. आमच्या गावात मग निम्मे लोक तसे म्हणावे लागतील. पण डोळ्यांनी पाहिलेले खरे निघाले.)

त्याच सुमारास हानोव्हरचे डॅनी योनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करोनाने गेलेल्या सात जणांची फुप्फुसे, २००९च्या फ्लूने गेलेल्या सात जणांच्या फुप्फुसांशेजारी ठेवून तपासली. वायुकोशांभोवतीच्या केसाहून बारीक वाहिन्यांत गुठळ्या करोनात नऊपट आढळल्या. झुरिकमध्ये दिसले की या विषाणूच्या रोग्यांत रक्तवाहिन्यांचे आतले अस्तरच सुजते. मिलान आणि बेर्गामो येथे ३८ जण तपासले, त्यांतल्या ३३ जणांच्या छोट्या रोहिण्यांत गुठळ्या होत्या. श्वासाचा म्हणून ओळखलेला रोग रक्तवाहिन्यांचाही निघाला.

एडिंबराच्या डॉक्टरांना आणखी चमत्कारिक गोष्ट दिसली. जिथे विषाणू होता तिथे नेहमी सूज नव्हती, आणि जिथे सूज होती तिथे नेहमी विषाणू नव्हता. म्हणजे घराला आग चोराने लावलेली नसून, चोर शोधायला निघालेल्या रखवालदारांच्या मशालींनी लागलेली! जून २०२०मध्ये इंग्लंडातल्या मोठ्या चाचणीने दाखवले की डेक्सामेथासोन हे सूज आवरणारे जुने, स्वस्त औषध कृत्रिम श्वासावरच्या रोग्यांतले मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटवते. रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनचे तितके सरळ नाही. २०२१च्या चाचण्यांत मध्यम आजारी रोग्यांना त्याच्या पूर्ण मात्रेचा लाभ झाला, अत्यवस्थ रोग्यांना झाला नाही.

आपल्याकडे मे २०२०च्या सरकारी सूचना चिरफाड टाळा असेच सांगत होत्या. भोपाळच्या एम्सने त्या ऑगस्टपासून नातेवाइकांच्या संमतीने अभ्यासासाठी काही शवविच्छेदने केली. संमतीचा हा शब्द मला मोलाचा वाटतो. १८९६च्या मुंबईच्या प्लेगात प्रेतांची तपासणी सक्तीने झाली, तेव्हा लोक आपली माणसे लपवू लागले होते. त्या वेळचा १८९७चा साथरोग कायदा २०२०मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला, हे आठवले की बरे वाटत नाही.

मास्तरांना शेवटच्या दिवसांत कशाचाच वास येत नव्हता. त्याचेही उत्तर मृतांनीच दिले. बेल्जियममध्ये रोगी गेल्यावर थोड्याच वेळात, खाटेशीच, नाकातले अस्तर काढून घेतले. विषाणू वास घेणाऱ्या पेशींत नव्हताच. त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींत होता. आणि अमेरिकेत ४४ देह तपासले त्यांचा अहवाल २०२२च्या डिसेंबरात आला. त्यांत मेंदूसह शरीरभर विषाणूच्या खुणा मिळाल्या. एकाच्या देहात तर लक्षणे दिसल्यावर २३० दिवसांनी.

मागच्या दिवाळीत वहिनी फराळ घेऊन आल्या, तेव्हा मी हाम्बुर्गची गोष्ट त्यांना सांगितली. मास्तरांचे असेच झाले असेल असे मी म्हणालो नाही. ते कोणीच पाहिलेले नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, “पाहून झाल्यावर शिवून देतात ना हो?”

“देतात.”

“मग मी हो म्हटले असते,” त्या म्हणाल्या. “पण मला कोणी विचारलेच नाही.”