फिशरकडून ६-० ने हरले आणि पियानोही बंद झाला, ग्रँडमास्टर मार्क ताइमानोव यांची गोष्ट

बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर होणं अवघड, आणि मोठमोठ्या सभागृहांत पियानो वाजवणं त्याहून वेगळं अवघड. सोव्हिएत संघाच्या मार्क ताइमानोव यांनी ही दोन्ही कामं आयुष्यभर केली. पण एका मॅचनं दोन्हींवर पाणी पडायची वेळ आली होती.

सुरुवात कशी झाली?

ताइमानोव यांचा जन्म १९२६ चा, खारकीवचा. वाढले मात्र लेनिनग्राडमध्ये. पियानोची गोडी आईनं लावली. लहानपणीच एका सिनेमात त्यांनी व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलाची भूमिका केली. बुद्धिबळ शिकवायला होते मिखाईल बॉट्विनिक, म्हणजे पुढचे विश्वविजेते.

संगीत शिकताना ल्युबोव ब्रुक भेटल्या. दोघांचं लग्न झालं आणि दोन पियानोंवरची त्यांची जोडी गाजली. विसाव्या शतकातल्या थोर पियानोवादकांची जी ध्वनिमालिका फिलिप्सनं काढली, त्यात या जोडीलाही जागा मिळाली.

दुसरीकडं १९५२ मध्ये ते ग्रँडमास्टर झाले आणि १९५६ मध्ये सोव्हिएत विजेते. सिसिलियन बचावातला एक प्रकार आजही त्यांच्या नावानं ओळखला जातो.

मग घोळ कुठं झाला?

१९७१, कॅनडातलं व्हँकुव्हर. विश्वविजेतेपदाच्या आव्हानवीर फेरीत समोर होता अमेरिकेचा बॉबी फिशर. निकाल लागला ६-०. सहा डाव, एकही बरोबरी नाही. हरल्यावर, आपल्याकडं अजून संगीत आहे, असं ताइमानोव म्हणाल्याचं सांगतात.

पण बुद्धिबळ ही सोव्हिएत सत्तेची शान होती. अमेरिकी खेळाडूकडून असा पराभव पचणं शक्यच नव्हतं. परतताना सामानात सोल्झेनित्सिन यांचं बंदी असलेलं पुस्तक सापडलं आणि सरकारला निमित्त मिळालं. मानाचा किताब गेला, पगार थांबला, परदेशवारी बंद झाली. ज्या पियानोचा आधार होता, त्याचे कार्यक्रमही बंद.

फिशरला हरवलं असतं, तर सोल्झेनित्सिनची सगळी पुस्तकं आणली तरी कुणी अडवलं नसतं, अशा अर्थाचं कस्टम्सच्या अधिकाऱ्यानं सुनावल्याचं ताइमानोव पुढं सांगायचे.

सुटका कशी झाली?

पुढच्याच फेरीत फिशरनं डेन्मार्कच्या बेंट लार्सनलाही ६-० नं हरवलं. लार्सन काही सोव्हिएत नव्हता, त्यामुळं मुद्दाम हरल्याचा संशय टिकेना. हळूहळू बंधनं सैल झाली.

१९७७ मध्ये ताइमानोव यांनी तेव्हाचा विश्वविजेता कार्पोवला हरवलं. १९९३ आणि १९९४ मध्ये ते ज्येष्ठांचे विश्वविजेते ठरले. वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांना जुळी मुलं झाली. २०१६ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये, नव्वदीत त्यांचं निधन झालं.

त्या ६-० बद्दल त्यांनी स्वतःच पुस्तक लिहिलं. जिंकलेले डाव त्यांच्याकडं भरपूर होते, पण लोक विचारायचे ते याच हरलेल्या सहा डावांबद्दल.