को जागर्ति?

कोजागरीची पार्टी सोसायटीच्या गच्चीवर जन्मली असं समजू नका. आश्विन पौर्णिमेच्या रात्री लक्ष्मी ‘को जागर्ति?’ विचारत फिरते, जागणाऱ्याला धन देते. जागायचं कसं? जुना व्रतविधी सांगतो: दिवे लावा, नारळ-पोहे खा आणि फासे खेळा! म्हणजे जुगाराला धर्माची लेखी मंजुरी. बँकेत ती किरकोळ रजेलाही मिळत नाही.

पुढे फाशांच्या जोडीला पत्ते आले. १५२७ मध्ये सिंधला गंजिफा धाडल्याचं बाबरानं स्वतःच लिहून ठेवलंय. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी १२० गोल पानांवर दशावतार रंगवले. त्यात दिवसा पहिली उतारी रामवाल्याची, रात्री कृष्णवाल्याची. देवांनाही पाळ्या!

एकूण हिशेब? जिंकलेलं धन शेजाऱ्याच्याच खिशातलं. एकाच्या नावे, दुसऱ्याच्या जमा. खरी शिल्लक एकच: वर्षभर जिन्यात न बोलणारे दोघे पहाटेपर्यंत एका सतरंजीवर जागे असतात.