पेटी घराण्याची धर्मादाय फेरी

अमेरिकेतील मोटार शर्यतपटू काइल पेटी याने १९९५ मध्ये मोटारसायकलप्रेमी मित्रांसह देशभरची लांब फेरी काढली. वाटेतल्या मुलांच्या रुग्णालयांना मदत करणे हा त्या फेरीचा हेतू झाला आणि पुढे ती दरवर्षी निघू लागली. मार्ग दरवेळी वेगळा. मात्र पेट्रोलपंपांवरच्या थांब्यांना गर्दी जमे आणि लोक तिथेच देणगी देत.

१२ मे २००० रोजी न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकवर सरावात काइलचा शर्यतपटू मुलगा अ‍ॅडम मरण पावला. तो जेमतेम १९ वर्षांचा होता. दीर्घ आजारी मुलांसाठी शिबिर उभारायचे, असे त्याच्या मनात होते. कुटुंबाने ते काम हाती घेतले. आजोबा रिचर्ड पेटी यांनी जमीन दिली आणि २००४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील रँडलमन येथे ‘व्हिक्टरी जंक्शन’ सुरू झाले. तिथे मुलांकडून पैसे घेत नाहीत. एक इमारत चक्क अ‍ॅडमच्या ४५ क्रमांकाच्या गाडीच्या आकाराची आहे, तर दवाखान्याचे नाव गाड्यांच्या गॅरेजसारखे ‘बॉडी शॉप’! फेरीचा निधी पुढे मुख्यतः याच शिबिराकडे वळला. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये फेरी निघाली नाही. २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.