लहान दावे आणि मोठा न्याय

वणीच्या काळ्या जमिनींत कापूस पिकतो आणि कापसामागें उधारी चालत येते. पेरणीसाठीं दिलेले दहा-वीस रुपये वसूल करण्याकरितां वर्षानुवर्षें दिवाणी दावा कोणी चालवावा? या अडचणीवर ब्रिटिश हिंदुस्थानांत पूर्वींच निघालेल्या तोडीला १८८७ च्या प्रांतिक लघुवाद न्यायालय कायद्यानें पक्कें रूप दिलें. सामान्यतः ५०० रुपयांपर्यंतच्या देण्याघेण्याचे दावे तेथें थोडक्यांत चालत. निकालपत्रांत मुद्दे व निर्णय एवढें पुरे होई आणि त्यावर अपील नसे.

परंतु ही सोय दुधारी होती. तारखेस गैरहजर राहिलेल्या ऋणकोवर एकतर्फी हुकूमनामा होई. तो रद्द करून मागतांना आधीं रक्कम भरावी किंवा जामीन द्यावा लागे. कर्जाचा आणि अशाच हुकूमनाम्यांचा संताप १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें उसळला होता; शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं होतीं. त्यानंतर १८७९ च्या कायद्यानें न्यायाधीशास खतामागील मूळ व्यवहार तपासावयास लावलें. मात्र आरंभीं हें संरक्षण पुणें, सातारा, सोलापूर व नगर एवढ्यांनाच मिळालें. वऱ्हाडांतील वणी त्याबाहेर राहिली.

न्याय त्वरित हवा, पण ऐकून घेतलेला हवा. ज्याचें सबंध वर्ष त्यावर अवलंबून, त्याला कोणताही दावा लहान नसतो.