‘म्युन्शेनर पोस्ट’: एका प्रादेशिक दैनिकाची साक्ष

जर्मन वृत्तपत्रांच्या इतिहासात प्रादेशिक दैनिकांस दुय्यम लेखण्याची प्रवृत्ती आढळते. राजकीय घडामोडी राजधानीत घडतात व प्रांतांत त्यांचे केवळ पडसाद उमटतात, ही त्यामागील समजूत होय. म्युनिक येथील ‘म्युन्शेनर पोस्ट’ या दैनिकाचा इतिहास ही समजूत तपासून पाहावयास लावतो.

एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात निघालेले हे पत्र बव्हेरियातील सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. नाझी पक्षाचा जन्म म्युनिकमध्येच झाला. साहजिकच त्या पक्षाच्या सभा, दंगली व अंतर्गत कलह या पत्राच्या लेखी शहरातील नित्याच्या वार्ता होत्या. हिटलर या पत्रास ‘विषाचे स्वयंपाकघर’ म्हणत असे. ८ नोव्हेंबर १९२३ च्या रात्री, उठावाच्या प्रसंगी, त्याच्या अनुयायांनी पत्राच्या कचेरीची नासधूस केली. तरीही पत्र थांबले नाही. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने ज्यूंचे हक्क हिरावून घेण्याची व त्यांना सक्तीच्या मजुरीस जुंपण्याची नाझींची गुप्त योजना प्रसिद्ध केली. ‘अंतिम निराकरण’ हा शब्दप्रयोग त्या वृत्तात आलेला आहे.

९ मार्च १९३३ रोजी नाझींनी बव्हेरियाची सत्ता बळकावली, व त्याच दिवशी कचेरी उद्ध्वस्त करून पत्र कायमचे बंद पाडले. पुढे अवघ्या बारा दिवसांनी, २१ मार्च रोजी, शहरातील ‘म्युन्शनर नॉयेस्टे नाखरिश्टेन’ या मोठ्या दैनिकात डाखाऊ येथे ५,००० माणसांसाठी छळछावणी उघडत असल्याचे हिमलरचे निवेदन साध्या बातमीप्रमाणे छापून आले.

मग इतक्या आधी दिलेला इशारा निष्फळ का ठरला? पत्राची माहिती अपुरी होती, असे म्हणता येत नाही. ते पक्षाचे पत्र असल्यामुळे त्याच्या वाचकवर्गाबाहेर त्यातील सत्यही पक्षप्रचार म्हणून बाजूस सारणे सोपे होते, हे कारण अधिक सयुक्तिक वाटते. वृत्तपत्राने काय छापले आणि समाजाने काय मानले, हे दोन भिन्न प्रश्न आहेत. अभ्यासकाने त्यांची गल्लत करू नये.

पत्र पुन्हा उभे राहिले नाही. परंतु त्याचे एक संपादक एडमुंड गोल्डशाग हे ६ ऑक्टोबर १९४५ रोजी सुरू झालेल्या ‘स्युडडॉइच त्सायटुंग’च्या पहिल्या तीन परवानाधारकांपैकी एक होते. संस्था नष्ट झाली, तरी तिची परंपरा माणसांच्या द्वारे पुढे चालू राहते, हे यावरून स्पष्ट होते.